खांबाचा पाय

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या बाजारपेठेत माझ्या काकांचं घर आहे. पुढे किराणा दुकान, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर माळा. दुकानाला शटर नाही. रात्री एकेक फळी खाचेत सरकवायची आणि आतून अडसर घालायचा. फळ्यांवर 1 ते 11 आकडे कोरलेले आहेत, कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही. गेल्या मे महिन्यात ओटीवरचा सागवानी खांब खालून कुजलेला निघाला. मला वाटलं, आता अख्खा खांब बदलावा लागणार. म्हातारे सुतारबाबा आले. पटाशीने टोचून टोचून लाकूड कुठवर मेलंय ते त्यांनी पाहिलं. मग तळखड्यापासून जेमतेम हातभर तुकडा कापला आणि तेवढाच नवा सागाचा पाय खाच पाडून जोडला. वरचा खांब होता तिथेच राहिला. दोन दिवस तुळईला बल्ल्यांचा टेकू होता आणि त्या टेकूशेजारी काकू साखर जोखून देत होत्या.

दुरुस्तीसाठी घर रिकामं करायला लागत नाही, हे मला त्या दोन दिवसांत दिसलं. आमच्या भागात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नव्हती. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी यांच्या घरांचे कूड कारवीचे, वर शेणामातीचं सारवण. पावसाच्या आधी छपरं शाकारायची, कुजलेली कारवी काढून नवी बांधायची. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. रेल्वे 1860 मध्ये आसनगावला आणि 1861 मध्ये कसाऱ्याला पोचली. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे पेठेतली छपरं मंगळुरी कौलांची झाली. कौल आलं तरी रीत तीच राहिली. फुटलं तेवढं कौल बदलायचं. 'नूतनीकरण' असा विचारच नव्हता, मे महिन्यातलं काम होतं.

नूतनीकरणाचा विचार झाला तो मुंबईत, आणि तोही भीतीपोटी. 1896 मध्ये प्लेग आला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणं हा रोगावरचा उपाय ठरला. माणसं कुठे गेली, त्यांचे धंदे कुठे गेले, हे पुढचे प्रश्न. या पद्धतीविरुद्ध सर्वांत ठाम आवाज उठवला तो 1914 मध्ये भारतात आलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाने. तो गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडायचा आणि सांगायचा, की सरळ रेघ मारून वस्ती कापू नका. अगदीच मोडकळीला आलेली चार घरं काढा, तिथे मोकळी जागा होऊ द्या, बाकीची दुरुस्त करा. जपून केलेली शस्त्रक्रिया, असं तो म्हणे. त्याच्याबद्दल मी पूर्वी वाचलं होतं, पण ते खऱ्या अर्थाने कळलं सुतारबाबांची पटाशी पाहिल्यावर.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो गेडिसच्याच हाताखाली, आणि 1924 मध्ये त्याच्या जागी आले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्यांनी महादेव कोळ्यांवर 1957 मध्ये पुस्तक लिहिलं आणि 1963 मध्ये पुण्याजवळच्या हवेली तालुक्याचा अभ्यास करताना 'रुरर्बन' हा शब्द वापरला: धड खेडं नाही, धड शहर नाही, अशी वस्ती. शहापूर आणि मुरबाडला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. हा धागा पुढे कुणी नियोजनात नेला असता तर फार बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्षात वेगळंच घडलं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आधार देणं गरजेचंच होतं. पण त्या भाड्यात मालक कौल बदलेना, आणि आपलं नव्हे म्हणून भाडेकरूही बदलेना. दुरुस्ती कुणाचीच उरली नाही. शेवटी 1969 च्या कायद्याने ती सरकारी मंडळाकडे गेली, उपकर लागला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तर अशी जुनी इमारत पाडून बांधणाऱ्याला जादा चटईक्षेत्र मिळू लागलं. म्हणजे शंभर वर्षांत विचार फिरून जिथे निघाला तिथेच आला: जुन्या घराची किंमत म्हणजे त्याच्या खालच्या जमिनीची किंमत.

तोच हिशेब कल्याण-बदलापूरमार्गे आता आमच्या दारात आलाय. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही गावांना नगरपंचायती झाल्या. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून सुरू झाला. मुरबाड कल्याणहून येणाऱ्या रेल्वेची वाट पाहतंय. पेठेतली घरं एकेक करून जातात आणि तिथे खाली गाळे, वर फ्लॅट उभे राहतात. नकाशावर तो 'मिश्र वापर' असतो. पण वर राहणारा खालच्या दुकानदाराला ओळखत नाही, गाळेवाला रात्री दुसऱ्या गावी जातो, आणि जिथे ओटी असायची तिथे गाड्या उभ्या राहतात. काकांच्या ओटीवर डोळखांब-किन्हवलीकडून बाजाराला आलेल्या बाया बोचकी ठेवतात, पाणी मागतात, एसटीची वेळ होईपर्यंत टेकतात. ती जागा घराची, दुकानाची आणि रस्त्याचीही. राहणं आणि धंदा यांचा सांधा तिथे होता. मजल्यावर मजला चढवून तो होत नाही.

जुन्या घराची मी नुसती आरती करणार नाही. माजघरात दुपारीही दिवा लागायचा. वायरिंग धोक्याचं होतं. संडास वाड्याच्या टोकाला होता, आणि पावसात रात्री तिथवर जाणं काकूंनी चाळीस वर्षं सोसलं. सारवणही बायांच्याच हातचं. ते काम आपण कौतुकाने 'परंपरा' म्हणतो, करणारीला कधी विचारत नाही. म्हणून दुरुस्तीत पहिला खर्च आम्ही आतल्या संडासावर केला, दुसरा विजेवर. माजघरावर काचेची चार कौलं बसवली. भिंतीला सिमेंटचा गिलावा करा, असं पुष्कळांनी सुचवलं. पण मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते, म्हणून चुन्याचा केला.

पाण्याचं अजून व्हायचंय. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतं, भातसाही देतं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. इथे 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 100 चौरस मीटरच्या छपरावर तो 2 लाख लिटर होतो, आणि पन्हळीतून सरळ गटारात जातो. निम्मं जरी मागच्या अंगणातल्या टाकीत अडलं तरी उन्हाळ्याचा बराच भार हलका होईल.

माळ्यावर दोन खोल्या काढून पाड्यांवरून कॉलेजला येणाऱ्या मुलींना राहायला द्यायच्या, असं काकूंनी ठरवलंय. जिन्याला कठडा हवा, तो सुतारबाबा करणार आहेत. अडचण आहे ती मधल्या भिंतीची. ती शेजारच्या घराशी सामाईक आहे, आणि शेजाऱ्यांकडे बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेलाय. त्यांनी घर पाडलं तर आमचे वासे ज्या भिंतीवर टेकलेत ती उघडी पडेल. पावसाआधी दोन्ही घरांनी ओटीवर बसायचं ठरलंय. सुतारबाबा मेअखेरपर्यंतच मोकळे आहेत.