वासाच्या मुळाशी

सकाळी चहाचं आधण ठेवलं की गॅलरीतल्या कुंडीतून गवती चहाची दोन पाती खुडायची, ही माझी जुनी सवय. पातं चुरगळलं की लिंबासारखा वास येतो. तो सिट्रालचा. तेल पात्यात तयार होतं, पण त्याची रसद येते खालून, मातीतून.

बुरशी म्हटलं की आपल्याला बिघडलेलं लोणचं आठवतं. मुळांत नांदणारी बुरशी मात्र निराळी. जिथे मुळं पोचत नाहीत तिथे तिचे तंतू जातात, फॉस्फरस आणतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. ही सोयरीक चाळीस कोटी वर्षांहून जुनी आहे. इटलीत सब्जाच्या जातीतल्या झाडावर प्रयोग झाले, तेव्हा मुळाशी विशिष्ट बुरशी असल्यावर पानांवरच्या तेलाच्या ग्रंथी वाढलेल्या दिसल्या. सगळ्याच बुरशांना ते जमलं नाही. सोयऱ्यातही डावं-उजवं असतंच.

मातीत शिसं, कॅडमियम असेल तर हीच बुरशी काही धातू आपल्या तंतूंत अडकवून ठेवते. सगळा नाही. आणि गंमत अशी, की थोडा त्रास झाला की काही झाडं तेल जास्तच करतात. म्हणजे वास घमघमीत आला म्हणून माती चांगली, असं मुळीच नाही.

खानदेशातलं रोशा गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून पार तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई! ते काढायचं भट्टीवर. वाफेबरोबर तेल वर चढतं, धातू चढत नाहीत, चोथ्यातच राहतात. म्हणूनच खराब जमिनीत रोशा, वाळा लावावा असं सुचवलं जातं. तोच चोथा पुढे खत म्हणून शेतात गेला, तर मात्र फिरून पहिले पाढे पंचावन्न.

पण माझ्या चहाला कुठली भट्टी? पातं अख्खंच उकळतं. आणि कुंडीतली माती मी आणली होती रस्त्याकडेच्या जुन्या गॅरेजमागून, फुकट मिळाली म्हणून. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण मातीतलं शिसं काही उठून जात नाही.

आज पाती खुडली, चुरगळून वास घेतला आणि चहात आलं टाकलं. ते कुठल्या मातीतलं, हे भाजीवाल्याला विचारायचं राहिलंच.