करणे आणि कोसळणे

मराठीत ‘तो रडला’ असे म्हणता येते आणि ‘त्याला रडू आले’ असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात रडणारा कर्ता आहे. दुसऱ्यात रडणे त्याच्याकडे आलेले आहे. याच्याही पुढची एक पायरी आपल्या भाषेत आहे. ‘त्याला रडू कोसळले’ असे आपण म्हणतो, तेव्हा रडणे दरडीसारखे माणसावर येऊन पडते. राग, हसू, भीती, झोप, आठवण या सर्वांच्या बाबतीत भाषेने हा विवेक राखला आहे. मनुष्य काय करतो आणि त्याला काय होते, यांतला फरक नीतिशास्त्राचे ग्रंथ उघडण्यापूर्वीच आपण घरातल्या बोलीतून शिकलेले असतो. हा शिकलेला विवेक आपण नेमका कोठे विसरतो, याचा विचार मला येथे करावयाचा आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातील एका मंगल कार्यालयात आमच्या घरचे लग्न होते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. अक्षता पडल्या, बँड वाजू लागला, पाने मांडण्याची धावपळ सुरू झाली, आणि त्या गर्दीच्या मधोमध या मुलाने एकाएकी जमिनीवर अंग टाकले. कानांवर हात घट्ट दाबून तो किंचाळत होता आणि डोके फरशीवर आपटत होता. एक वयस्क पाहुणे म्हणाले, “दोन ठेवून द्या, आपोआप शांत होईल.” कोणी तरी ‘लाडावलेले पोर’ म्हटले. बहिणीने मान खाली घातली. मी पुढे झालो, त्याला दोन्ही हातांनी आवळून उचलले आणि बाहेर नेऊ लागलो, तेव्हा त्याने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मी त्याच्यावर हात उगारला नाही, याचा पुढे कित्येक दिवस मला अभिमान वाटत असे. परंतु त्याला अंगणात उतरवताना मी जे बोललो, ते मी विसरलेलो नाही. मी म्हणालो, “पुरे झाले तुझे नाटक.” त्या काळी मी एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत होतो, आणि दुसऱ्याच्या मनाचे ज्ञान आपल्याला कसे होते, हा प्रश्न त्याच सत्रात वर्गात शिकवून झाला होता.

‘नाटक’ हा शब्द प्रेक्षक गृहीत धरतो. अशा प्रसंगासाठी आपल्याजवळ असलेले इतर शब्द पाहावेत. हट्ट, थयथयाट, आकांडतांडव, आक्रस्ताळेपणा. या प्रत्येक शब्दात कर्ता आहे, त्याचा काही हेतू आहे आणि त्या हेतूविषयी बोलणाऱ्याची नापसंतीही आहे. स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत या अवस्थेला इंग्रजीत ‘मेल्टडाऊन’ म्हणतात, आणि आपल्याकडचे पालकही तोच शब्द वापरतात. तो शब्द वितळण्याचा आहे; धातू वितळतो तेव्हा त्याला कोणी दोष देत नाही. मराठीत मला ‘कोसळणे’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण रडण्याच्या संदर्भात तो आपण आधीच वापरीत आलो आहोत.

आमचा मुलगा स्वमग्न आहे, हे त्या लग्नानंतर वर्षभराने समजले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात या अवस्थेचा उल्लेख झालेला होता. आमच्या घरात मात्र हा शब्द तेव्हा प्रथमच आला. ‘ऑटिझम’ हा मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडविला. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो आला आहे, आणि आपला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द त्याला इमानी आहे. पण हे नाव बाहेरून पाहणाऱ्याने दिलेले आहे. जो आपल्याकडे पाहत नाही, तो स्वतःतच बुडालेला असावा, असा त्यामागचा तर्क आहे.

१९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मोठे आवाज आणि हलत्या वस्तू यांनी ही मुले भयभीत होतात, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. परंतु तेच मूल स्वतः तितकाच मोठा आवाज आनंदाने करते, हेही त्यांनी टिपले, आणि त्यावरून निष्कर्ष काढला की भय आवाजाचे नाही, आपल्या एकांतावर होणाऱ्या आक्रमणाचे आहे. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष मात्र मुलांना न विचारता काढलेला होता, आणि त्यांतील काही मुले तर बोलतही नव्हती.

पुढे अशी मुले मोठी झाली आणि त्यांतील काही लिहू लागली. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांचे आत्मकथन १९८६ साली आले. ऑस्ट्रेलियातील डॉना विल्यम्स यांचे १९९२ साली. ग्रँडिन यांनी लिहिले आहे की, लहानपणी मोठा आवाज त्यांना दंतवैद्याचे यंत्र थेट नसेला लागावे तसा लागत असे. मायेने घेतलेली मिठीही त्यांना सोसवत नसे. आणि तरी शरीराला घट्ट दाबाची ओढ होती. पुढे मावशीच्या गुरांच्या कुरणावर त्यांनी गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहिला, आणि स्वतःसाठी तसे एक दाबयंत्र तयार केले. त्याची दोरी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. कॅनर यांना जो कोडे वाटला होता, त्या प्रकाराचा उलगडा मला येथे होतो. स्वतः केलेला आवाज केव्हा सुरू होईल आणि केव्हा थांबेल, हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्याच्या आवाजाची दोरी दुसऱ्याच्या हातात असते. इंद्रियांची ही तीव्र किंवा मंद संवेदनशीलता अमेरिकन निदानपुस्तिकेच्या निकषांत समाविष्ट व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्याला आपण जगापासून दूर गेलेला समजत होतो, त्याच्यात जग नको इतके शिरत होते.

आता त्या वर्गातल्या प्रश्नाकडे वळू. साधारणतः सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांचा ‘संतानान्तरसिद्धि’ हा छोटा ग्रंथ तिबेटी अनुवादाच्या रूपाने टिकून राहिला. परचित्ताची सिद्धी हा त्याचा विषय. माझ्या कृतीच्या आधी माझ्या ठिकाणी विचार असतो, हे मी अनुभवतो. तशीच कृती दुसऱ्याच्या ठिकाणी दिसली की तिच्यामागेही विचार असला पाहिजे, असे मी अनुमान करतो. हा युक्तिवाद रोजच्या व्यवहारात आपल्याला पुरतो. पण तो ‘तशीच’ या एका शब्दावर उभा आहे. मी जमिनीवर लोळून ओरडलो असतो, तर ते काही मिळविण्यासाठी ओरडलो असतो. म्हणून तोही काही मिळविण्यासाठी ओरडत आहे, असे मी ठरविले. कृती सारखी दिसली, त्यावरून कारणही सारखे मानले. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. साध्य असो वा नसो, हेतू दोन्हीकडे आढळतो.

त्यांचेच आणखी एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांचे कोसळणे अशा गोळ्यासारखे असते. बाहेर काहीच दिसत नाही. वाणी थांबते, डोळे एका जागी लागतात, हात-पाय जड होतात. इंग्रजीत याला ‘शटडाऊन’ म्हणतात. असा मनुष्य समारंभात शहाणा ठरतो. त्याला दोन ठेवून द्यावे असे कोणी म्हणत नाही, आणि बाहेरही कोणी नेत नाही.

माझा भाचा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि एका छापखान्यात मुद्रिते तपासतो. बोलण्यापेक्षा लिहिणे त्याला सोपे जाते. काही वर्षांपूर्वी मी धीर करून त्याला त्या लग्नाविषयी विचारले. चार दिवसांनी त्याने संगणकावर टंकित केलेली दोन पाने माझ्या हाती दिली. इतकी वर्षे मी बँडला दोषी धरून होतो. त्याने लिहिले होते की, बँड त्रासदायक होता, परंतु बँड वाजणार हे त्याला माहीत होते आणि त्यासाठी त्याने मनाची तयारी केली होती. माहीत नव्हते ते वेगळेच. अक्षता पडल्या की पाच मिनिटांत आपण घरी निघू, असे मी त्याला सकाळी सांगितले होते. अक्षता पडल्यावर त्याने मला विचारले. मी म्हणालो, पाच मिनिटांत. पुन्हा विचारले, पुन्हा पाच मिनिटांत. तिसऱ्या वेळी मी त्याच्याकडे न पाहताच तेच उत्तर दिले. सकाळपासून जरीच्या कॉलरचे टोचणे, अत्तराचा वास, अनोळखी हातांचे गालगुच्चे हे सारे तो त्या पाच मिनिटांच्या आधारावर सोशीत आला होता. तो आधार निसटला. आधी तळहात तापले; मग माणसांचे आवाज ऐकू येत राहिले, पण त्यांचे शब्द होईनात. फरशीवरील नक्षीचा एक तुकडा उलटा बसविलेला होता, हे त्याला आजही आठवते. मनगटाचा चावा मात्र आठवत नाही. ‘नाटक’ हा शब्द आठवतो.

त्या पानांचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माझे असे होते म्हणून सर्वांचे असेच होते, असे समजू नकोस, अशी त्याने मला ताकीद दिली होती. त्याच्या परिचयाच्या एक बाई आहेत. त्या दिवसभर कार्यालयात हसतमुखाने सारे सांभाळतात, आणि घराचे दार लावून घेतल्यावर कोसळतात. शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना दोन निराळ्या स्त्रिया ठाऊक आहेत. कोणाला त्या वेळी जवळ कोणी बसलेले हवे असते, कोणाला नजरदेखील सोसत नाही. कोणाला जड पांघरुणाने उतार पडतो, कोणाला अंगावरचा सदराही नकोसा होतो. कोणाला क्षण न् क्षण आठवतो, कोणाच्या स्मृतीत त्या जागी केवळ रिकामा चौकोन असतो. रडून झाल्यावर कोणाला मोकळे वाटते. भाच्याला मोकळे वाटत नाही, पुढचे दोन दिवस केवळ थकवा आणि लाज उरते. काहींना आधी चाहूल लागते. काहींना आपल्या शरीरातील भूक, वेदना किंवा ताण वेळेवर ओळखूच येत नाही, आणि म्हणून चाहूलही लागत नाही. काही स्वमग्न व्यक्तींना असे कोसळणे फारसे ठाऊकच नसते. एकाच माणसाचा कालचा आणि आजचा प्रकारही सारखा नसतो.

येथे नैतिक प्रश्न उभा राहतो. जे केले नाही, केवळ झाले, त्याची जबाबदारी कोणावर? माझ्या मनगटावरची खूण खरी होती. अनेक आयांच्या दंडांवर याहून मोठ्या खुणा असतात, आणि त्या खोट्या आहेत असे कोणी त्यांना सांगू नये. दोष नसला तरी जखम असते. जखम आहे म्हणून दोषी शोधलाच पाहिजे, ही आपली घाई आहे. त्याचबरोबर, सारे ‘होते’च, असे म्हणून त्या व्यक्तीकडून कर्तेपण काढून घेणेही अन्यायाचे ठरेल. भाच्याने तीन वेळा विचारले होते. कान झाकले होते. माझ्या बाहीला धरून दाराकडे ओढले होते. त्या सर्व त्याच्या कृती होत्या, आणि त्या विवेकी कृती होत्या. तो कर्ता होता, तोवर मी त्याच्याकडे पाहिले नाही. कर्तेपण त्याच्या हातून सुटले, तेव्हा मी त्याला कर्ता ठरविले. हिशेब मांडायचा तर कोसळण्याच्या त्या क्षणाचा मांडून चालणार नाही. त्याच्या आधीच्या तासाचा मांडावा लागेल, आणि त्या तासात आम्ही सारे होतो.

मग जाणून घेण्याचा मार्ग कोणता? प्रत्यक्ष येथे पोहोचत नाही, अनुमान फसते. आणि प्रकार माणसागणिक बदलत असल्यामुळे एकावरून दुसऱ्याचे उपमानही जपून करावे लागते. आपल्या परंपरेने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. आप्ताचे वचन, म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याचे वचन. स्वतःच्या कोसळण्याविषयी त्या व्यक्तीहून अधिक आप्त कोण असणार? ज्यांना बोलता येत नाही, त्यांची बाही ओढणे, कान झाकणे, दाराकडे पाहणे यांनाही शब्दाचा मान द्यावा लागेल. असे वाचन चुकू शकते. म्हणून ते पुनःपुन्हा तपासावे लागते. परंतु या मुलाला सांगण्यासारखे काही आहे, हे मानण्यापासून त्याची सुरुवात होते.

गेल्या वर्षी घरात मुंज होती. भाचा आला, आणि आल्याबरोबर त्याने मला सांगितले, “मामा, मी साडेअकराला निघेन.” मातृभोजन चालू होते, फोटो व्हायचे होते, आणि बहिणीला वाटत होते की त्याने निदान जेवून जावे. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी मी उठलो, त्याच्या चपला शोधून दाराशी ठेवल्या आणि रिक्षा थांबविली. थांबण्याविषयी मी काही बोललो नाही. तो रिक्षात बसला, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला, “बरोबर पाच मिनिटे.”