रोप लावणे आणि झाड जगवणे : एक अमानत



अल्लाहने मानवाला या भूतलावर मालक म्हणून नव्हे, तर खलीफा म्हणून पाठविले आहे. खलीफाच्या हाती वस्तू सोपविलेली असते आणि तिचा हिशेब देणे त्याला बंधनकारक असते. सूरह रहमानच्या आरंभी (55:7-9) आकाश उंच केल्याचा आणि मीजान, म्हणजे तराजू, स्थापन केल्याचा उल्लेख एकत्र येतो. त्या तोलात बिघाड न करण्याची ताकीदही तेथेच आहे. सूरह हिज्रमध्ये (15:19) जमिनीतून उगवणारी प्रत्येक वस्तू प्रमाणात दिल्याचे सांगितले आहे. कोणत्या भूमीला कोणते झाड, हाही त्या प्रमाणाचाच भाग नव्हे काय?

शिरूर आणि दौंडच्या आपल्या माळावर वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही येथे ऊस उभा राहतो, कारण भीमा आणि घोड या नद्या सह्याद्रीवरून पाणी घेऊन येतात. भीमेचा उगम असलेल्या भीमाशंकरच्या डोंगरावर सदाहरित जंगल आहे. 1985 साली ते अभयारण्य घोषित झाले. शेकरू तेथेच राहतो आणि महादेव कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या तेथला हिरडा गोळा करतात. दाट पानोळा पावसाचा मारा झेलतो, पालापाचोळा आणि मुळे पाणी जमिनीत मुरवतात, आणि ते झऱ्यांतून सावकाश खाली येते. जंगल तुटले की तेच पाणी माती घेऊन धावते आणि धरणात गाळ भरतो. म्हणून भीमेच्या पाण्याने वुजू करणाऱ्यावरही त्या दूरच्या डोंगराचे ऋण आहे.

हे जंगल कसे राखावे? केवळ तारेचे कुंपण घालून ते राखले जात नाही. पुण्यातील ‘ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था 1994 पासून सह्याद्रीत काम करते. गावकऱ्यांशी करार करून खासगी रान आणि देवराया न तोडता राखणे, हा त्या कामाचा एक मार्ग आहे. हिरडा आणि बेहडा यांच्या फळांना रास्त भाव मिळाला, तर उभे झाड तोडलेल्या झाडापेक्षा मोलाचे ठरते. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. एका झाडाचे रक्षण झाले की माणूस आणि पाखरू दोघांची रोजी टिकते.

वाचकहो, हा विचार आपल्याला परका नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोकांना भागीदार ठरविले आहे. हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणावर, म्हणजे ‘हिमा’वर, हुनै नावाचा रखवालदार नेमला. बुखारीतील वृत्तांतानुसार त्यांनी त्याला बजावले की थोडकी उंटे आणि थोडक्या मेंढ्या असणाऱ्या गरिबाला आत येऊ द्यावे; मात्र अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान (रजि.) यांच्यासारख्या संपन्न सहाबांच्या कळपांना आवर घालावा. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेती आणि बागांचा आधार होता. गरिबाला दुसरा आधार नव्हता. निसर्गाचे रक्षण आणि दुर्बलांचा हक्क येथे एकाच आदेशात येतात. ज्या वृक्षारोपणाने मेंढपाळाचे चराऊ रान हिरावले जाते, ते हिरवे दिसले तरी न्याय्य नव्हे.

आता आपल्या माळाकडे पाहा. तो भीमाशंकर नाही आणि त्याला तसे करण्याचा हट्टही नको. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. लांडगा, खोकड आणि चिंकारा यांचे ते घर आहे. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठीच राखले गेले. अशा माळावर सुबाभूळ किंवा गिरिपुष्प दाटीने लावले, तर सावलीत गवत मरते आणि मीजान बिघडतो. येथे बाभूळ, हिवर, बोर, खैर, कडुनिंब विरळ शोभतात. ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली पाहा. चिंचेची झाडे आणि मोर या दोहोंनी त्या गावाला नाव दिले आणि गावाने त्यांना आसरा दिला.

मग आपण काय करावे? पावसाळ्याच्या तोंडावर रोप लावून छायाचित्र काढणे सोपे असते. एप्रिलमध्ये त्याच रोपाला पाणी घालणारा हात विरळा असतो. नियत रोपाची नव्हे, झाडाची असावी. ईदगाहच्या आणि कब्रस्तानच्या कडेने, कबरींना बाधा न आणता, स्थानिक झाडे लावा. बी गावातल्याच जुन्या झाडाचे घ्या. मस्जिदीतील वुजूचे पाणी गटारात सोडण्यापेक्षा चर काढून मुळांशी न्या. एकेका झाडाची जबाबदारी एकेका घराने तीन उन्हाळे घ्यावी. माळ ओळखणाऱ्या मेंढपाळाला आणि गावातील वडीलधाऱ्यांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आधी विचारा. भल्या कामात परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा सूरह माइदामध्ये (5:2) आहेच.

बुखारी आणि मुस्लिम यांतील हदीसनुसार मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्यासाठी सदका ठरते. आणि कयामत येऊन ठेपली असताना हाती रोप असेल, तर शक्य झाल्यास ते लावून टाकावे, अशीही शिकवण आहे. तेव्हा त्याची सावली कोणाला मिळणार? कोणालाच नाही. तरीही ते लावायचे, कारण फळ देणे अल्लाहच्या हाती आहे आणि श्रम आपल्या हाती. आपण पेरलेल्या उंबराखाली आपली नातवंडे बसतील तेव्हा आपण कबरीत असू. परंतु त्याचे पुण्य तेथेही पोहोचत राहील.

अल्लाह आपल्याला त्याच्या भूमीचे विश्वासू राखणदार बनवो, आपल्या हातून तोल बिघडू न देवो आणि आपण लावलेले प्रत्येक झाड सदका-ए-जारिया म्हणून स्वीकारो. आमीन.