वर काढल्यानंतरचे काही तास



छोट्या होडीच्या मागे लावलेले मशीन कधी निसटून खाडीत पडते. शोधाशोध करून ते वर काढले की आपल्याला हायसे वाटते. पण खरा धोका तेव्हाच सुरू होतो. खारे पाणी आणि हवा एकत्र आली की आतले लोखंडी भाग झपाट्याने गंजतात. म्हणून जाणकार कारागीर मशीन उन्हात वाळत ठेवत नाही. गोड्या पाण्याने धुतो, प्लग काढून आतले पाणी घालवतो, कार्बोरेटर साफ करतो, सिलिंडरमध्ये तेल सोडतो आणि लवकरात लवकर ते चालू करतो. लगेच जमणार नसेल, तर गोड्या पाण्यातच बुडवून ठेवतो. अडकलेले मशीन मात्र तो जोराने फिरवत नाही. त्याने मोडतोड वाढते.

कितीतरी वर्षांनी कुणी चर्चमध्ये परत येतो. प्रभूनेच त्याला तळातून वर आणलेले असते. आपण मात्र “इतकी वर्षे कुठे होतास?” असे विचारतो, नाहीतर त्याला मागच्या बाकावर एकटे सोडतो. तिथेच गंज चढतो.

लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय 15) पित्याने मुलाचे बोलणे पुरे होण्याआधीच झगा आणायला सांगितला, तोही ताबडतोब. हिशेब मांडला तो थोरल्या भावाने.

परतलेल्यानेही प्रायश्चित्त संस्कार उद्यावर ढकलू नये. आणि आज असा कुणी आपल्या शेजारी आला, तर थोडे सरकून त्याला जागा देऊ या. प्रश्न नंतर विचारता येतील.