पॅडची जाहिरात लिहिणाऱ्या भाचीस

प्रिय मुक्ता,


सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीचं काम तुझ्याकडे आलंय, असं ताईकडून कळलं. लिहायला बसण्याआधी, आजवर या मालाची जाहिरात कशी होत आली ते नीट बघून घे.

पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्याचं ड्रेसिंग वापरत. नर्सेस तेच पाळीतही वापरू लागल्या आणि १९२० मध्ये अमेरिकेत त्याचं ‘कोटेक्स’ झालं. पण पुरुष दुकानदाराकडे मागायचं कसं? म्हणून काउंटरवर खोके मांडले, शेजारी पैशांची पेटी. पैसे टाका, खोका उचला. अडचण खरी होती, तोडगाही बरा होता.

१९२७ मध्ये लिलियन गिलब्रेथ या बाईंनी जॉन्सन अँड जॉन्सनसाठी हजारावर स्त्रियांना पॅडबद्दल विचारलं. पॅड फार मोठं आहे, ताठ आहे, असं त्या स्त्रियांनी स्पष्ट सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बायकांनाच विचारायला गेलं, याचं मला फार मोल वाटतं. आणि पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या ‘मोडेस’च्या जाहिरातीत काय होतं? एक कूपन. मासिकातून कापायचं, दुकानदारापुढे मुकाट्यानं धरायचं, की डबा हातात. मग वर्षानुवर्षं तोच सूर: डाग दिसेल, कुणाला कळेल. आधी धास्ती घालायची आणि मग तिच्यावरचा उतारा म्हणून पॅड विकायचं. अमेरिकन टीव्हीवर या जाहिरातींना १९७२ पर्यंत बंदीच होती. पुढेही रक्ताच्या जागी निळं पाणी ओतत राहिले. ब्रिटनमध्ये ‘बॉडीफॉर्म’नं लाल द्रव दाखवला तो थेट २०१७ मध्ये.

आपल्याकडे ‘व्हिस्पर’नं मुलींना पाळीतही लोणच्याच्या बरणीला हात लावायला सांगितलं. त्या जाहिरातीला २०१५ मध्ये कान जाहिरात महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. पण बरणीला हात लावून झाल्यावर ती मुलगी शाळेत पॅड बदलणार कुठे, टाकणार कुठे?

तेव्हा निळं पाणी नको म्हणून पहिल्याच मीटिंगला सांग. पांढऱ्या पँटमधली उड्या मारणारी मुलगीही नको. पॅड किती तासांनी बदलायचं, कसं गुंडाळून टाकायचं, हे मोठ्या अक्षरांत छापून घे. आणि एक ओळही लिहिण्याआधी चार बायकांना विचार: ऑफिसातल्या मैत्रिणींना, तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना, स्टेशनबाहेर दिवसभर भाजी विकणारीला. ती कुठे बदलते ते विचार. उत्तर ऐकून घे, मध्ये बोलू नकोस.

तुझी,
मावशी