उपऱ्यांचं शहर

शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला आणि त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. आपल्याला बारा भाषांत कवित्व करता येतं, हे सांगण्याची ही त्याची तऱ्हा. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मुळे हा दरबार आज आपल्याला दिसतो, वि. का. राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून १९२२ साली छापला नसता तर तेही झालं नसतं. पण दरबार स्वतः कुठला होता? १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजाला हरवलं आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. परक्या गावात, परक्या राजापुढे, परका कवी.

आज पुण्याहून किंवा नागपूरहून बंगळूरच्या व्हाइटफील्डला नोकरीला आलेला तरुण नारळ ठेवत नाही. तो पाठ करतो एकच वाक्य, ‘कन्नडा गोत्तिल्ला’. कानडी येत नाही हे कानडीतच सांगायचं आणि रिक्षात बसायचं. गणपतीत तो गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जातो, मोदक खातो, दोन तास मोकळेपणाने बोलतो आणि परत फिरताना त्याला वाटतं की आपण इथले नाही. दिवाळीला घरी गेला तर तिथेही आता पाहुणाच. डिसेंबर २०२३ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कानडी हवी म्हणून शहरात आंदोलन पेटलं, दुकानांच्या इंग्रजी पाट्या फोडल्या गेल्या. मोडतोडीचं समर्थन कोण करणार? पण आपल्याच गावात आपण उपरे होतोय, ही भीती त्यामागे होती. म्हणजे आलेल्यालाही तेच दुखणं आणि असलेल्यालाही तेच.

यावर आपल्या परंपरेकडे एक भव्य उत्तर आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत एक आहे, त्याला घर नसतं. ज्ञानेश्वरांनी त्याचा अर्थ फिरवून थेट विश्वालाच घर केलं. घरमालकाने दहा महिन्यांचं भाडं अनामत मागितलं की हे उत्तर जरा हवेतलं वाटतं, हे खरं. तरी ते देणाऱ्याचं चरित्र विसरून चालत नाही. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीने ज्या भावंडांना वाळीत टाकलं, त्यांतल्या एकाचं हे म्हणणं आहे.

पण अडचण पुढेच उभी आहे. चोखोबा पंढरीचेच, विठोबाचेच, आणि तरीही देवळाबाहेर. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. देवाने आपलं म्हटलं, माणसांनी म्हटलं नाही, आणि तो उंबरा ओलांडायला त्यांच्या लोकांना पुढे कित्येक शतकं लागली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा कुठे दार उघडलं. मन विश्वाएवढं केलं की उपरेपण संपतं, असं सांगणाऱ्या प्रवचनकाराने चोखोबांच्या समाधीपाशी उभं राहून ते सांगून पाहावं.

बंगळूरच्या जुन्या पेठेत या प्रश्नाची वेगळीच तड लागलेली दिसते. चैत्री पौर्णिमेच्या रात्री धर्मरायस्वामींच्या देवळातून करग निघतो. तिगळ समाजाचा हा उत्सव. तमिळ मुलखातून आलेली, बागाईत करणारी ही माणसं. त्यांची देवी द्रौपदी, म्हणजे वनवास भोगलेली राणी. करग वाहणारा पुरुष हळदी रंगाचं लुगडं नेसतो, हातात बांगड्या भरतो, डोक्यावर मोगऱ्याचा उंच डोलारा तोलतो आणि हात न लावता चालतो. भोवती नंग्या तलवारी घेतलेले वीरकुमार. मिरवणूक हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबते आणि मग पुढे जाते. बाहेरून आलेल्यांनी आणलेला हा उत्सव, पण बंगळूरचा सण कोणता विचारलं तर आज लोक त्याचंच नाव घेतात. तिगळांनी कुणाची परवानगी काढून हे केलं असेल असं वाटत नाही. वर्षानुवर्षं रात्र जागवली, आणि गाव त्यांच्यामागून चालू लागलं.

शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनीही १६६९ मध्ये असंच काहीसं केलं. आजच्या मल्लेश्वरमला ज्याच्यावरून नाव पडलं, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी गाव इनाम दिलं. विजेत्याने स्थानिक देवाला दिलेलं दान म्हणजे राजकारण, असं कुणी म्हणेल, आणि ते चूक नाही. पण राजकारणापुरतं तरी त्यांना कळलं होतं की घेऊन कुणी गावचं होत नाही.

नंतरची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे. एकोजी तंजावरला स्थिरावले, १६८७ मध्ये बंगळूर मोगलांकडे गेलं आणि तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी ते घेतलं. तंजावरकडच्या मराठी कुटुंबांतली माणसं पुढे म्हैसूर संस्थानात दिवाण झाली. त्यांतले टी. आनंदराव, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवरावांचे चिरंजीव, १९०९ ते १९१२ या काळात दिवाण होते. आनंदराव सर्कल त्यांच्याच नावाचं. घरात मराठी बोलणाऱ्या या मंडळींना म्हैसूरकर धरत होते ‘मद्रासी’, कारण मद्रासकडच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तेव्हा म्हैसूरमध्ये धुसफुस चालू होती. आनंदरावांनंतर दिवाण झालेले विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअर झालेले, मुंबई इलाख्यात उमेदीची वर्षं नोकरी केलेले. पण जन्म मुद्देनहळ्ळीचा, म्हणून ते घरचे ठरले.