कुंपण कशाची हद्द दाखवते?

आपले अंगण कसे ठेवावे, हा प्रश्न नीतीचा आहे काय? वरवर पाहता तो झाडूचा, वेळेचा, फार तर आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. चोरी, खोटी साक्ष, व्यसन ह्या विषयांवर आपण उपदेश ऐकतो. पालापाचोळ्यावर कोणी उपदेश करीत नाही. तरीही आज आम्ही तोच विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण शेजाऱ्यावर आपली प्रीती किती आहे, हे उपासनेच्या बाकावर बसून कळत नाही तेव्हा कधी कधी कुंपणाजवळ उभे राहून कळते.

आपल्या समाजात स्वच्छ अंगणाला मान आहे आणि तो असावाही. बेळगाव असो, इंदूर असो की हैदराबाद, झाडलेल्या अंगणावरून घराची शिस्त ओळखली जाते. परंतु अलीकडे 'स्वच्छ' ह्या शब्दाचा अर्थ हळूहळू 'उघडेबोडके' असा होत चालला आहे. एक पान खाली दिसता कामा नये, म्हणून पाला गोळा करून पेटवायचा. पावसाळ्यात चिखल नको, म्हणून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवायचे. गवत उगवू नये, म्हणून तणनाशकाची बाटली आणायची. ह्यांपैकी एकही काम कोणी दुष्टपणाने करीत नाही. घर नीटनेटके दिसावे एवढाच त्यामागे हेतू असतो. पण हेतू चांगला असला म्हणजे कृती तपासायची गरज नाही, असे आपण इतर बाबतींत मानत नाही. मग येथेच का मानावे?

आमचा साधा प्रश्न असा आहे: आपल्या अंगणातून जे आपण काढून टाकतो, ते जाते कोठे?

पाला जळाला म्हणजे नाहीसा झाला, असे होत नाही. दवाने ओलसर झालेला पाला धड पेटत नाही, तासन्तास धुमसत राहतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि अतिशय बारीक कण असतात. हे कण नाकात न अडकता फुप्फुसांत खोल उतरतात. आपण काडी लावून घरात जातो. शेजारचे तान्हे मूल, खिडकीशी बसलेले दम्याचे आजोबा आणि ढीग विझू नये म्हणून काठीने तो हालवीत उभी असलेली झाडूवाली ह्यांना मात्र कोठे जाता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या जाळण्यासही ५,००० रुपयांची आकारणी ठरवली. पण ह्या न्यायाधिकरणाच्या कितीतरी शतके आधी मोशेच्या नियमशास्त्राने ह्याच गोष्टीचा विचार केलेला आढळतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात असा नियम आहे की, कोणी पेटवलेली आग काट्याकुट्यांतून पसरत जाऊन दुसऱ्याचे पीक जळाले, तर आग लावणाऱ्याने त्याची भरपाई करावी. 'मी तर माझ्याच शेतात पेटवली होती' ही सबब तेथे चालत नाही.

आता पाण्याचे पाहू. एक गुंठा जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १०० लिटर पाणी होते. एका दुपारी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची पंचवीस पिंपे. अंगणात माती आणि झाडे असली तर ह्यांतले बरेचसे पाणी जमिनीत मुरते. फरशी असली तर ते काही मिनिटांत फाटकाबाहेर पडते आणि उताराकडच्या घराचा रस्ता धरते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यातील घरांत शिरले. तो पूर लोकांच्या अंगणांमुळे आला, असे म्हणणे खोटे ठरेल. नदीच्या पुराची कारणे मोठी असतात. परंतु प्रत्येक घराने आपली पंचवीस पिंपे रस्त्यावर सोडली, तर गल्लीतल्या सखल घराचे काय होते, हे पाहायला नदीपर्यंत जावे लागत नाही. आणि जमिनीत पाणी मुरू न दिल्यावर उन्हाळ्यात कूपनलिका आटली, तर दोष कोणाला द्यावा?

विषाची गोष्टही अशीच आहे. केरळच्या कासारगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. फवारणी बागांवर होती. पण आजाराच्या आणि जन्मजात व्यंगांच्या तक्रारी आल्या त्या आसपासच्या गावांतून. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी ह्या औषधाच्या उत्पादनावर, विक्रीवर व वापरावर देशभर बंदी घातली. आपली लहानशी बाटली आणि ते हेलिकॉप्टर ह्यांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्हांला मान्य आहे. परंतु वाऱ्याला आणि विहिरीच्या झऱ्याला कुंपण कळत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

ह्यावरून आम्हांला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच: कुंपण आपल्या हक्काची हद्द दाखवते, जबाबदारीची नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे, कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये म्हणून. घर त्याचे, गच्ची त्याची, पैसे त्याचे. तरी कठडा दुसऱ्यासाठी. एदेन बागेतही मनुष्याला मशागतीबरोबर राखणीचे काम दिले होते. राखण करणारा मालक नसतो. त्याला हिशेब द्यावा लागतो.

ह्यावर काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, पाला ठेवला तर साप आणि डास होतील. साप येतो तो उंदरांमागे, आणि विटांच्या अथवा लाकडांच्या ढिगात आसरा घेतो. म्हणून पाल्याचा ढीग भिंतीपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावा, दाराजवळची जागा मोकळी असावी. डेंग्यूचा डास पाल्यात अंडी घालत नाही. तो साठलेल्या पाण्यात घालतो. कुंडीखालची बशी, जुना टायर, उघडे पिंप ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी ओतून घासावीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध विधवा भगिनीने हे सारे कसे करावे? शेवाळलेल्या मातीवर तिचा पाय घसरला तर? आमचे उत्तर असे की, तिने दारापासून फाटकापर्यंत पायवाटेपुरती फरशी जरूर घालावी. कोणाच्या हाडांवर आपण तत्त्व उभे करू नये. बाकीच्या जागेतला पाला उचलणे हे मग तिच्या एकटीचे काम राहत नाही. ते मंडळीतल्या तरुण संघाचे होते. जी जबाबदारी कुंपण ओलांडते, तिच्यात मदतही कुंपण ओलांडून आली पाहिजे.

तिसरे म्हणणे असे की, साऱ्या शहरात धूर असताना माझ्या एका ढिगाने काय बिघडते? पण ज्या मुलाला रात्री खोकला लागतो, ते साऱ्या शहराच्या शेजारी राहत नाही; ते तुमच्या शेजारी राहते.

आता उपाय. इंदूरच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, टाकाऊ पाल्याचे खत करण्याची जगप्रसिद्ध 'इंदूर पद्धत' त्यांच्याच गावची आहे. अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी १९२४ ते १९३१ ह्या काळात तेथील संशोधन संस्थेत ती बसवली, आणि यशवंत वाड ह्यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात १९३१ मध्ये ती जगापुढे मांडली. पाला-काडी, शेण, मूत्राची माती आणि थोडी राख ह्यांचे थर, पुरेसा ओलावा, हवा खेळावी म्हणून तीनदा उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार. घरी तीन फूट लांब-रुंद कोपरा पुरतो. सुक्या पाल्याच्या थरावर स्वयंपाकघरातील भाजीच्या साली व थोडे शेण किंवा जुने खत टाकावे. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवावा. उरलेला पाला झाडांच्या आळ्यांत पसरावा. त्याने उन्हाळ्यात माती थंड राहते, पाणी कमी लागते आणि तणही दबते. खोडालगत मात्र थोडी जागा मोकळी सोडावी.

हिरवळीच्या हौसेचाही हिशेब करावा. एक गुंठा हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे ५०० लिटर. त्याऐवजी पश्चिमेला कडुलिंब किंवा जांभूळ, आत शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, अडुळसा लावले तर पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांनंतर फारसे पाणी लागत नाही, आणि सावलीही मिळते. किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे थोडे पाणी घालून संध्याकाळी फवारावी. तण पावसानंतर माती मऊ असता हाताने उपटावे. फरशी असेलच तर झाडाभोवती निदान मीटरभर जागा मोकळी करावी आणि उताराच्या टोकाला शोषखड्डा घ्यावा.

शेवटी आपल्या उपासनामंदिरांच्या आवारांविषयी. आपल्या जुन्या मंडळ्यांकडे शहरातली मोठमोठी झाडे आहेत. पुनरुत्थान सणाच्या आधी, नेमक्या पानगळीच्या दिवसांत, आवार झाडून पाला पेटवला जातो. आतमध्ये आपण शेजारप्रीतीवर उपदेश ऐकतो आणि बाहेर धूर शेजारच्या चाळीकडे जातो. पंचांनी हा प्रश्न पुढच्या सभेत घ्यावा, अशी आमची विनंती आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी तर सभेची वाट पाहू नये. एका रविवारी मुलांना आवाराच्या भिंतीपाशी न्यावे आणि विचारावे: येथून पलीकडे काय काय जाते, आणि पलीकडे कोण राहते? पलीकडच्या माणसांची नावे मुलांना सांगता आली नाहीत, तर धडा तेथूनच सुरू करावा.